शांततेला बुजणारी घोडी

कापडाच्या दुकानदाराने घोडी विकत घेऊ नये. हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. बायकोने सांगितलं, साळ्याने, म्हणजे तिच्या भावाने, फोनवर सांगितलं, पांढुर्ण्याच्या आमच्या बाजारओळीतल्या चहावाल्यानेही न विचारता सांगितलं. पण मी पडलो उभा जन्म पॉपलिन आणि टेरिकॉट चिमटीत धरून ओळखणारा माणूस. घोडीच्या पाठीवरून हात फिरवला, पोत मऊ लागला, रंग पक्का दिसला, आणि मी मान डोलावली. असं गिऱ्हाईक दुकानात आलं की आम्ही आपसात डोळे मिचकावतो. त्या दिवशी घोडीवाल्यानेही डोळा मिचकावला असणार. कोणाकडे पाहून ते कळलं नाही, कारण तिथे मी आणि घोडीच होतो.

घोडी माझ्या हौसेसाठी नव्हती. माझे सासरे सौसर तालुक्यात, मोहगावच्या अलीकडच्या एका खेड्यात राहतात. मी त्यांना मामाजी म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत पण वापरात नसलेली. त्यांचा संत्र्याचा बगीचा गावाबाहेर, नाल्यापलीकडे. वाट काळ्या मातीची. मोटार पहिल्याच वळणावर रुतते, मोटारसायकल त्यांनी कधी शिकली नाही, आणि पायी जायचं तर गुडघे नाल्यातच जाब विचारतात. त्यामुळे मामाजी आयुष्यभर घोडीवरून बगिच्यात गेले. जुनी म्हातारी घोडी त्या पावसाळ्यात गेली, आणि मामाजी घरात बसले.

साळा नागपुरात मोठ्या नोकरीत. त्याचा फ्लॅट उंचावर, लिफ्टचा. तो फोनवर म्हणाला, "जिजाजी, आंबिया बहाराची संत्री तोडणीला येईपर्यंत वाट पाहतो. बाबा आपले आपण बगिच्यात जाऊन-येऊन राहिले तर ठीक. नाई तर बगीचा मक्त्यानं देऊन टाकतो आणि त्यांना इकडं आणतो. एकट्या माणसानं तिथं बसून काय भिंती पाहायच्या?"

मामाजींना हे कळलं. उठून गोठ्यात गेले आणि रिकाम्या खुंट्याजवळ बराच वेळ उभे राहिले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "त्या फ्लॅटात हे साल काढत नाई पाहा, जवाईबापू." मी लगेच छाती पुढे काढून सांगितलं, "घोडी मी आणतो." जावयाने सासऱ्याला काही द्यायचं म्हणजे आमच्याकडे गंगा उलटी वाहिल्यासारखं. अधिकमासात ताट-वाटी घेणारा हात मी पहिल्यांदाच देणारा करणार होतो, आणि त्या मोठेपणाच्या गुंगीत मी बाजारात गेलो.

ती वरातीतली घोडी होती. पांढरी, डोळ्यांत काजळ भरल्यासारखी, नाचायला शिकवलेली. घोडीवाल्याने ढोल वाजवून दाखवला, तिने पाय उचलून ठेका धरला. त्याने तिच्या शेपटीमागे फटाक्यांची लड लावली. धूर निघाला, बाजारातली कुत्री पळाली, मीही दोन हात मागे सरलो, पण घोडीने कानसुद्धा हलवला नाही. मी मनात हिशेब मांडला: जी फटाक्याला भीत नाही ती जगात कशालाच भिणार नाही. हा हिशेब मला तेव्हा इतका चोख वाटला की मी स्वतःच्या अकलेवर खूश होऊन घोडीवाल्यालाच चहा पाजला. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, लग्नसराई सुरू व्हायची, आणि हा माणूस वरातीची घोडी विकतो का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी उत्तर तयार होतं. हल्लीचे नवरदेव घोडीवर बसतच नाहीत. मोटारीच्या छपरातून अर्धे बाहेर निघून, काळा चष्मा लावून, निवडून आल्यासारखे हात जोडत येतात. घोडीला कोण विचारतो?

खेड्यात तिचं स्वागत झोकात झालं. आत्याबाईंनी पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि ताट घेऊन ओवाळायला लागल्या. ताट दिसताच घोडीने मान झुकवली आणि पुढचे पाय नाचवायला सुरुवात केली. बिचारीला वाटलं लग्न लागतंय. शेजारणी म्हणाल्या, "मोठ्या घरची हाय वं माय! रीत समजते तिले." मी मिशीवर हात फिरवला. मला मिशी नाही, तरी फिरवला.

मामाजींनी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हं."

लग्न झाल्यापासून मला त्यांच्याकडून एवढंच मिळत आलं आहे. दुकान वाढवलं, "हं." मुलगी झाली, "हं." माझं अपेंडिक्स काढलं, "हं." त्यातला कुठला आनंदाचा आणि कुठला अपेंडिक्सचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी घोडीवर बसून निघाले. गाव ओलांडेपर्यंत सारं छान. चक्कीचा आवाज, लाउडस्पीकरवरची भजनं, कोणाच्या ट्रॅक्टरची फटफट, यातून घोडी राणीसारखी गेली. मग वाट कपाशीच्या वावरात शिरली. तिथे शांतता होती. ऐन सकाळची, दव पडलेली, पानही हलत नाही अशी शांतता. घोडीचे कान ताठ झाले, मान वर गेली, आणि बांधावरून एक तितर फुर्र करून उडाला. बस. घोडी एका उडीत वाटेच्या या कडेवरून त्या कडेला गेली. मामाजी मात्र पहिल्याच कडेला राहिले, म्हणजे कपाशीत.

लागलं फारसं नाही, कोपर सोललं. पण कापूस वेचणाऱ्या बाया तिथेच होत्या, आणि त्यांनी मामाजींना उठवून, कपडे झटकून, आपल्यातल्या एकीच्या खांद्यावर हात देऊन घरी आणलं. मामाजींना ते पडण्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत बातमी नागपूरला पोचली, आणि साळ्याचा फोन आला. "जिजाजी, तुमी काय आणून ठेवलं तिथं?"

"धुतल्यावर बसेल अंगाला," मी म्हणालो. दुकानात आखूड शर्ट गळ्यात मारताना मी हेच म्हणतो. तोंडाला सवय झालेली.

मग माझा रोजचा फेरा सुरू झाला. सकाळी स्कूटरवरून पांढुर्ण्याहून खेड्यात, दुपारपर्यंत घोडीशी झटापट, मग दुकान. तोवर दुकान बायको पाहायची. माझ्याशिवाय दुकान जास्त चांगलं चालतं हे तिने त्याच काळात शोधून काढलं. तो अपमान वेगळा, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

घोडी कशी माणसाळवायची हे मी मोबाइलवर शिकलो. एक टोपीवाला परदेशी माणूस काठीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून घोड्याच्या अंगाभोवती फडफडवत होता. घोडा आधी दचकायचा, मग हळूहळू सवय होऊन उभा राहायचा. मीही अंगणात पिशवी फडफडवली. घोडी उभी. छत्री उघडली-मिटली. घोडी उभी. आत्याबाईंची परात बडवली. घोडीने ठेका धरला. निळी ताडपत्री अंगावर टाकली, तर तिने झूल घातल्याचा भाव आणून मान वाकडी केली. सगळ्या परीक्षांत पहिला नंबर! आणि वावराच्या वाटेवर नेली की पुन्हा तेच. पालापाचोळ्यात सरडा सरकला, उडी. ठिबकच्या नळीतून हवा फुसकन निघाली, उडी. स्वतःचीच सावली बांधावर वाकडी पडली, तर तिच्यापासून पळण्यासाठी सावलीसकट उडी.

सगळ्यात वाईट होतं बगिच्याच्या फाटकापाशी. रानडुकरं येऊ नयेत म्हणून हल्ली सगळे कुंपणाला झटका मशीन लावतात. उन्हावर चालणारी छोटी पेटी, तारेत झटका सोडते आणि टिक... टिक... करत राहते. त्या शांत रानात ती टिकटिक ऐकली की घोडी चारी पाय रोवायची, नाकपुड्या फुगवायची आणि मागे मागे सरकत नाल्याकडे जायची. फाटकाच्या आत तिने एकदाही पाऊल टाकलं नाही.

गावात तज्ज्ञांना काही तोटा नव्हता. ज्यांनी जन्मात गाढवावरही मांडी टाकली नाही ते ओट्यावर बसून मला घोडेस्वारी शिकवत होते. एक म्हणाला चणे जास्त होऊन राहिले, रक्त उसळते. दुसरा म्हणाला चणे कमी होऊन राहिले, डोळ्यापुढं अंधारी येते. दोघंही एकाच ओट्यावर, एकाच पानपुडीतून खात बसलेले. तिसरा निवृत्त माणूस, ज्याची आयुष्यभराची कर्तबगारी म्हणजे शिक्का नीट उमटवणं, तो घोडीच्या तोंडात बघून म्हणाला, "इले गतजन्माचं काई दिसते." मी म्हटलं, "दातात?" तो म्हणाला, "डोळ्यात." तेव्हा तो बघत तोंडातच होता.

या सगळ्यांना मी हसतो खरा, पण त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की ते ओट्यावर बसून मूर्खपणा करत होते आणि मी उन्हात.

माझी पुढची युक्ती झापडांची. टांग्याच्या घोड्याला डोळ्यांच्या कडेला लावतात तशी झापडं मी दुकानातल्या अस्तराच्या कापडातून शिवली. कोटाच्या आत घालतात ते, चांगल्या प्रतीचं. दिसलं नाही तर बुजणार नाही, असा माझा तर्क. माझ्या तर्कांची घडी नेहमी सुंदर असते. उलगडली की भोक दिसतं. घोडीला आता दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आधी ती तितराला भ्यायची, आता तितराच्या कल्पनेला भ्यायला लागली. त्या दिवशी तिच्यावर मी स्वतः बसलो होतो, मामाजींना पुन्हा पाडायला नको म्हणून. बगिच्याच्या कडेला जंबेरीची जुनी झाडं आहेत, ज्यांवर संत्र्याची कलमं बांधतात ती. तिचे काटे सुईसारखे लांब. घोडीने मला त्यातल्या एका झाडाच्या स्वाधीन केलं आणि स्वतः घरी निघून गेली. माझी पँट मागच्या बाजूने अशा ठिकाणी फाटली की गावातून परत येताना मला घरांकडे तोंड करून आडवं चालावं लागलं.

आत्याबाईंनी दार उघडलं. "काऊन असे खेकड्यावानी येऊन राहिले?"

"काही नाही."

"घोडी तर कवाची आली."

खाटेवरून मामाजी म्हणाले, "हं."

मग मला ती अक्कल सुचली, जिचा मला आजही थोडा अभिमान आहे आणि बराच पश्चात्ताप. घोडी गावात शांत, रानात बुजरी. गावात काय आहे? आवाज. बालपणापासून बँड, डीजे, फटाके, शिट्ट्या. हिच्या दृष्टीने गोंगाट म्हणजे सगळं ठीक चाललंय. आणि सगळे चूप झाले म्हणजे काहीतरी भयंकर घडणार. आपल्या घरातही असंच असतं, बायको बोलते तोवर काळजी नाही. तेव्हा रानात आवाज न्यायचा! मी मोबाइलला जोडायचा छोटा स्पीकर आणला, खोगिराला बांधला आणि त्यावर वरातीचा बँड लावला.

घोडी निघाली. काय निघाली! तितर उडाला तर तिने पाहिलंही नाही. फक्त एक अडचण होती. ती नाचत होती. दोन पावलं पुढे, एक मागे, मधूनच गिरकी. आणि तिच्यावर बसलेले मामाजी, पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, चेहरा दगडी.

कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. एकीने हात कपाळाला लावून नीट पाहिलं.

"अवं माय! बुढा नवरदेव निंगाला!"

"नवरी कोन्या गावची वं?"

"नाल्यापलीकडची! संत्र्याच्या झाडाशी लगन हाय!"

आणि त्यांनी हळदीची गाणी सुरू केली. टाळ्यांवर घोडीला आणखी चेव आला. ती नाल्याच्या उतारावर पोचेपर्यंत मामाजींचं लग्न अर्ध्या गावात लागून गेलं होतं. त्यांनी तिथेच लगाम ओढला, खाली उतरले, स्पीकर खोगिरावरून उपटला आणि मागोमाग चालत आलेल्या माझ्या हातात दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी सबंध वाक्य बोलले.

"या उमरीत मले नवरदेव करता? त्यापेक्षा नागपूरले जातो."

आणि गुडघे धरत पायी घरी निघाले. मी त्यांच्यामागे जाऊ लागलो तर हात वर करून मला थांबवलं.

मी नाल्यात उभा. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात बँड वाजवणारा स्पीकर. तेवढ्यात त्याची बॅटरी संपली. एकदम शांतता. घोडीचे कान उभे राहिले, पांढरा डोळा दिसू लागला, आणि मला कळलं की आता ही माझ्या अंगावरून घरी जाणार. मी घाबरलो. मी घाबरलो की बोलतो. दुकानात तपासणीवाला साहेब आला की माझी जीभ कशी सुटते ते बायकोला विचारा. मी बोलायला लागलो. काय बोलावं सुचेना म्हणून माल सांगायला लागलो. "हे पाहा बाई, ही सुती, ही मिक्स. सुती धुतल्यावर चोळामोळा होते, मिक्सला इस्त्री लागत नाही पण उन्हाळ्यात अंग भाजतं. नऊवारीत काठ पाहायचा, पदर नंतर. रंगाची गॅरंटी मी देत नाही, कोणी दिली तर तो खोटं बोलतो..."

घोडीचा एक कान माझ्याकडे वळला. मग दुसरा. मान खाली आली. मी बोलत एक पाऊल टाकलं, तिने टाकलं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. आम्ही नाला चढून फाटकापाशी आलो. टिक... टिक... ती थबकली, मी पडद्याच्या कापडावर आलो, ती चालू लागली. आणि मग ती आत होती. संत्र्याच्या झाडाखाली उभं राहून ती गवत खात होती, आणि मी सोफ्याच्या खोळींची वेगवेगळी मापं सांगत होतो, कारण थांबायची हिंमत नव्हती.

नाचायला ठेका लागतो. शांत राहायला माणसाचा चालू आवाज पुरतो. आणि गंमत म्हणजे बोलताना मीही श्वास घेत होतो. एरवी तिच्यावर बसलो की मी श्वास धरून मांड्या आवळायचो, म्हणजे तिला वाटणार वरच्यालाच काही दिसलंय. हे कळायला मला एक पँट लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यावर बसून बोलत बोलत रोज बगिच्यात जाऊ लागलो. लगाम सैल, पाय सैल, जीभ सैल. ती कशाला दचकली तर ओढायचं नाही, मारायचं नाही, तिथेच उभं करून तिला ती वस्तू निवांत पाहू द्यायची आणि आपलं बोलणं सोडायचं नाही. सरडा पाहून झाला, नळी पाहून झाली. उड्यांची थबकणी झाली, थबकण्यांचं नुसतं कान टवकारणं झालं. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलो कसला. ती घोडी मामाजींसाठी होती, आणि मामाजी बोलत नव्हते.

"मामाजी, काहीही बोला. तिला अर्थ कळत नाही."

"कायले बोलू?"

"पाऊसपाणी बोला."

ते घोडीवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पानी आलं नाई." मग बराच वेळ गप्प. घोडीचे कान उभे राहिले. मी खालून ओरडलो, "पुढं बोला!" ते म्हणाले, "नाई आलं म्हंजे नाई आलं. पुढं काय?" आणि घोडीने त्यांना कपाशीच्या कडेला नेऊन थरथरत उभं केलं. पडले नाहीत, पण हात लगामावर पांढरे पडले होते. दोन-तीन सकाळी असंच झालं. झाडांवर संत्री पिवळी पडायला लागली होती, आणि साळ्याने येतो म्हणून कळवलं होतं.

मी आत्याबाईंपुढे हात टेकले. "यांना बोलता येतं की नाही, खरं सांगा."

त्या भाकर थापत होत्या. थांबल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "येते नं. बम येते."

"कधी? मी तर ऐकलं नाही."

"तुमी कसे ऐकसान? तुमी गेल्यावर बोलतात. तुमची स्कूटर वळली का सुरू होतात, तं दिवा लावेपर्यंत बंद नाई होत. हा जवाई असा, हा जवाई तसा. मले पाठ झालं सारं." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, बापू. त्यायले दुसरा इषयच नाई."

इतकी वर्षं मी त्या "हं"चे अर्थ लावत होतो, आणि माझ्या पाठीमागे त्याची सविस्तर आवृत्ती दर खेपेला निघत होती.

साळा आला त्या सकाळी मी मामाजींना सांगितलं की मला दुकानात काम आहे, मी निघतो, बगिच्यात तुम्ही एकटेच जा. स्कूटर सुरू केली, गावाच्या टोकाला नेऊन उभी केली आणि मागच्या बांधाने पायी परत आलो. साळ्यालाही ओढत आणलं. नाल्यापलीकडे, फाटकाच्या वाटेला लागून, मामाजींचीच तूर उभी आहे, डोक्याच्या वर. आम्ही दोघं तिच्यात शिरलो. त्याचे नागपुरी बूट चिखलात, माझ्या सदऱ्यात किडे.

"जिजाजी, बाबा पुन्हा पडले तर मी आजच घेऊन जातो. सांगून ठेवतो," तो कुजबुजला.

"चूप राहा."

आधी आवाज आला. मी मामाजींचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मोकळा, लयीतला, कथा सांगणाऱ्या बुवासारखा.

"...तं बाई, आमचा जवाई हा असा. बाजारात गेला अन् घोडी कापडावानी पाहून घेतली! तुले राग नको येऊ देऊ, तुही चूक नाई. इचार, लग्नात ह्यानं काय केलं? मारुतीच्या पाया पडाले घोडीवर बसवला, तं हा घोडीच्या मानेले मिठी मारून बसला. देऊळ आलं तरी सोडीना. चार माणसायनं वरबाडून काढला. माह्या पोरीचं नशीब पाहा..."

हे खरं आहे. माणसं सहा होती, पण असो.

घोडी तुरीच्या कडेने येत होती. मान खाली, पाय निवांत, दोन्ही कान मागे वळवून वरच्या माणसाकडे दिलेले. मामाजींचे हात हलत होते, लगाम मांडीवर पडला होता. आमच्या पुढ्यातून तितर उडाला. घोडीने एक कान पुढे केला आणि परत मागे नेला. तिला माझी पुढची गोष्ट ऐकायची होती.

फाटक आलं. टिक... टिक... घोडी थबकली. साळ्याने माझा दंड धरला. मामाजींना थबकल्याचं कळलंही नाही, ते आता रंगात आले होते.

"...अन् चामड्याचे जोडे! नवे, नागपूरहून आणलेले. पोरगी पाहाले आला तवा दारात काढले होते म्या. हा गेला, जोडे गेले! आजवर वापस नाई. म्या एका शब्दानं नाई इचारलं. सासऱ्याचे जोडे चोरून नेणारा जवाई पाहिला का तू?"

मी चमकलो. ते जोडे मी नेले नव्हते. ते त्याच दिवशी साळ्याने पायात घातले, कॉलेजला नेले आणि नागपुरात हरवून आला. हे मला माहीत होतं, कारण त्याने लग्नाच्या धांदलीत मला स्वतः सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या "हं"मागे हे होतं! मी तुरीतून बाहेर पडून ओरडणारच होतो. एक पाऊल टाकलंही. तुरीची पानं सळसळली.

घोडीचे कान पुढे आले. मान वर झाली.

मी पाय तसाच अधांतरी धरून उभा राहिलो. मामाजी बोलतच होते, जोड्यांची वादी कशी होती, कर्रकर्र आवाज कसा यायचा. हळूहळू एक कान मागे गेला. मग दुसरा. घोडीने श्वास सोडला, मान खाली केली आणि टिकटिकणाऱ्या पेटीजवळून फाटकाच्या आत गेली. मामाजी दगडावर पाय देऊन उतरले, एक संत्रं हातात घेऊन वजन पाहिलं, फांदी वाकवून साल निरखली, आणि घोडीकडे पाठ करून तिलाच सांगत राहिले की आपल्या जावयाला साधी पिशवी धरता येत नाही.

साळ्याचा चेहरा लाल झाला होता. "जिजाजी, ते जोडे... मी सांगतो बाबांले."

"खबरदार," मी म्हणालो.

"पण तुमच्यावर फुकट..."

"ते खरं कळलं तर उद्या काय बोलतील? तुझ्या नोकरीबद्दल? त्यात घोडी दोन पावलंही जायची नाही."

त्याने माझा दंड सोडला. मग म्हणाला, "मक्तेवाल्याला नाई म्हणून सांगतो."

आम्हाला निघता येईना. निघालो तर तूर वाजणार. म्हणून तिथेच खाली बसलो. ढेकळात लाल मुंग्या होत्या. पलीकडे जोड्यांचं प्रकरण संपून माझ्या दुकानाच्या पाटीवर गाडी आली होती, आणि संत्र्याखाली घोडी एक मागचा पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवून, उभ्या उभ्या झोपी गेली होती.